रहदारीचा कायदा आणि चालकाची सवय

बहुतेक नागरिकांचा आयुष्यात न्यायालयाशी फारसा संबंध येत नाही; परंतु घराबाहेर पाऊल टाकताच रहदारीच्या कायद्याशी मात्र प्रत्येकाची गाठ पडते. पायी चालणारा असो, सायकलस्वार असो की मालमोटारीचा चालक असो, या एका कायद्यापासून कोणाचीही सुटका नाही. आणि तरीही हा कायदा जितक्या सहजपणे मोडला जातो तितका दुसरा क्वचितच मोडला जात असेल. जो गृहस्थ चोरीच्या कल्पनेनेही शहारेल, तोच लाल दिवा ओलांडून जाताना मनात किंचितही संकोच बाळगीत नाही.

या निष्काळजीपणाचे मोल किती आहे? केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. म्हणजे दर तासाला सरासरी १९ माणसे आपण रस्त्यावर गमावली. मृतांपैकी सुमारे दोन-तृतीयांश व्यक्ती १८ ते ४५ या वयोगटातील होत्या. घरातील मिळवते माणूसच बहुधा या वयाचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांमागील दुःखाची थोडीफार कल्पना येईल.

चालकांना नियम ठाऊक नसतात असे नाही. लाल दिव्याचा अर्थ ठाऊक नाही असा चालक शोधूनही सापडावयाचा नाही. मग ठाऊक असलेला नियम माणूस का मोडतो, आणि तो त्याने पाळावा यासाठी कोणता उपाय खरोखर लागू पडतो? हा प्रश्न केवळ नीतीचा नाही. गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी त्याचा प्रयोगांच्या आणि मोजमापांच्या साहाय्याने अभ्यास केला आहे. त्यातून हाती आलेले निष्कर्ष आपल्या नेहमीच्या समजुतींहून बरेच वेगळे आहेत. त्यांचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

वेगाचे गणित

पोलीस नोंदींनुसार २०२२ मधील मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाशी निगडित होते. तेव्हा वेगापासूनच आरंभ करणे योग्य होईल. ‘चाळीसऐवजी साठने गेलो तर काय मोठेसे बिघडते?’ असे चालकास वाटते. या प्रश्नाचे उत्तर शाळेत शिकविल्या जाणाऱ्या गतिशास्त्रात आहे.

समोर अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जो काळ जातो त्यास प्रतिक्रियाकाल म्हणतात. सावध चालकाच्या बाबतीत तो सुमारे एक सेकंद धरू. ब्रेक लागल्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला साधारण ७ मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो असे मानू. आता ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी घ्या. पहिल्या सेकंदात, म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच, ती ११ मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी ९ मीटरांत थांबते. एकूण अंतर २० मीटर. तीच गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर पहिल्या सेकंदातच ती सुमारे १७ मीटर जाते आणि थांबेपर्यंत एकूण ३६ मीटरांहून अधिक अंतर कापते. ताशी ८० किलोमीटर वेगास हेच अंतर ५७ मीटरांवर जाते.

या हिशेबातील खरी मेख पुढेच आहे. रस्त्यावर २० मीटर अंतरावर एखादे मूल अकस्मात धावत आले असे समजा. चाळीसच्या वेगाने येणारी गाडी त्याच्यापाशी येऊन थांबेल. साठच्या वेगाने येणाऱ्या गाडीचा चालक तितकाच सावध असला, तितक्याच तत्परतेने त्याने ब्रेक दाबला, तरी त्याच्याजवळ ब्रेकचा उपयोग करण्यासाठी जेमतेम ३ मीटर उरलेले असतात. त्यामुळे मुलापाशी पोहोचताना त्याचा वेग अजूनही ताशी सुमारे ५५ किलोमीटर असतो. एका चालकाने मुलास स्पर्शही केला नाही आणि दुसऱ्याने जवळजवळ पूर्ण वेगाने धडक दिली. दोघांच्या कौशल्यात तिळमात्र फरक नव्हता. फरक होता तो केवळ ताशी २० किलोमीटरचा.

धडकेची तीव्रताही वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटर वेगाची धडक ही साडेतीन मीटर उंचीवरून, म्हणजे सुमारे एका मजल्यावरून, पडण्यासारखी असते. ताशी ६० किलोमीटरची धडक १४ मीटरांवरून, म्हणजे चार मजल्यांहून अधिक उंचीवरून, पडण्यासारखी असते. वेग दुप्पट झाला, पण उंची चौपट झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रस्त्यावरील सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो.

आणि या मोबदल्यात चालकाच्या पदरात काय पडते? दहा किलोमीटरचा प्रवास ताशी ४० ऐवजी ५० किलोमीटर वेगाने केला तर वाचतात तीन मिनिटे. शहरात सिग्नलपाशी ती तीन मिनिटेही बहुधा परत द्यावी लागतात.

मस्तकाचे संरक्षण

१९३५ सालच्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स हा ख्यातनाम सेनानी व लेखक मोटारसायकलवरून फेकला गेला आणि सहा दिवसांनी मस्तकातील इजेमुळे मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे तरुण मेंदू-शल्यचिकित्सक होते. या मृत्यूने त्यांना विचारात पाडले आणि त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या मस्तकातील इजांचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधामुळे शिरस्त्राणाचे महत्त्व वैद्यकीय पुराव्याने मांडले गेले आणि ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वारांना ते सक्तीचे झाले. सर्वसामान्य नागरिकांसाठी मात्र ब्रिटनमध्ये सक्ती येण्यास १९७३ साल उजाडावे लागले.

शिरस्त्राणाचे, म्हणजेच हेल्मेटचे, कार्य साधे आहे. बाहेरचे कठीण कवच आघात एका बिंदूवर न राहू देता विस्तृत भागावर पसरविते. आतील फेसाचा जाड थर चेपला जातो आणि त्यामुळे मस्तक एका क्षणात थांबण्याऐवजी किंचित अधिक काळात थांबते. हा ‘किंचित अधिक काळ’ मेंदूला वाचवितो. अर्थात हनुवटीखालचा पट्टा बांधला नसेल तर शिरस्त्राण मस्तकाच्या आधीच दूर जाऊन पडते, आणि आतील थर पातळ असेल तर ते केवळ टोपीचे काम करते. म्हणूनच आपल्याकडे आय.एस. ४१५१ या मानकाची खूण पाहूनच ते घ्यावे. अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्र विचार करता असे दिसते की, शिरस्त्राणामुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि मस्तकास इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

२०२२ मध्ये भारतात शिरस्त्राण न घातलेल्या ५०,०२९ व्यक्ती आणि सीटबेल्ट न लावलेल्या १६,७१५ व्यक्ती अपघातांत मरण पावल्या. यांतील सर्वच वाचल्या असत्या असे शास्त्र म्हणत नाही. परंतु हजारो वाचल्या असत्या यात संशय नाही.

दंड मोठा की खात्री मोठी?

इतका लाभ स्पष्ट असता चालक नियम का पाळीत नाही? याचे कारण अनुभव हा माणसाचा सर्वांत प्रभावी गुरू आहे, आणि रस्त्यावरचा अनुभव खोटे धडे शिकवितो. सिग्नल तोडणाऱ्यास शंभरापैकी नव्याण्णव वेळा काहीच होत नाही. उलट दोन मिनिटे लवकर पोहोचल्याचे बक्षीस मिळते. प्रत्येक निर्विघ्न उल्लंघनाबरोबर सवय अधिक घट्ट होते. अपघात इतका विरळ घडतो की, तो घडेपर्यंत धडा शिकण्याची वेळ निघून गेलेली असते. हा खोटा धडा पुसून टाकणे हे रहदारी-पोलिसांचे खरे कार्य होय.

त्यासाठी लोकांच्या मनात पहिला उपाय येतो तो दंड वाढविण्याचा. परंतु १७६४ मध्येच इटलीतील विचारवंत चेझारे बेक्कारिया याने असे प्रतिपादन केले होते की, गुन्ह्याला आळा घालते ती शिक्षेची कठोरता नव्हे, तर शिक्षेची अटळता. दोनशे वर्षांनंतर ब्रिटनच्या रस्त्यांवर या विचाराची परीक्षा अनपेक्षितपणे घेतली गेली.

मद्य पिऊन वाहन चालविणाऱ्यांविरुद्ध ब्रिटनने केलेला नवा कायदा ९ ऑक्टोबर १९६७ पासून अमलात आला. रक्ताच्या १०० मिलिलिटरांत ८० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळले तर तो गुन्हा ठरला. संशयित चालकाने एका काचनळीतून श्वास सोडावयाचा. श्वासात अल्कोहोल असले की नळीतील डायक्रोमेटचे पिवळे स्फटिक हिरवे पडत. पोलीस आता सर्वत्र असतील आणि यंत्रापुढे कोणाचीही मात्रा चालणार नाही, असा लोकांचा ग्रह झाला. आठवड्याच्या अखेरच्या रात्री, म्हणजे मद्यपानाच्या नेहमीच्या वेळी, होणाऱ्या अपघातांतील मृत व गंभीर जखमींची संख्या एकाएकी सुमारे दोन-तृतीयांशाने घटली.

ही घट मात्र टिकली नाही. पोलिसांना संशयास सबळ कारण असल्याशिवाय कोणाची तपासणी करता येत नव्हती आणि प्रत्यक्ष तपासण्या थोड्याच होत होत्या. काही वर्षांत चालकांस हे उमगले आणि अपघात पुन्हा वाढू लागले. या काळात कायदा सौम्य झालेला नव्हता आणि दंडही घटलेला नव्हता. बदलला होता तो फक्त लोकांचा अंदाज.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १७ डिसेंबर १९८२ पासून निराळी वाट धरली. तेथे संशय असो वा नसो, पोलीस कोणत्याही चालकास थांबवून त्याचा श्वास तपासू लागले. पहिल्याच वर्षी सुमारे दहा लाख तपासण्या झाल्या, म्हणजे दर तीन परवानाधारकांमागे एक. ज्याची तपासणी झाली नाही त्यालाही शेजाऱ्याची झाल्याचे कळत होते. रस्त्यावरील मृत्यू सुमारे एक-पंचमांशाने घटले आणि ही घट पुढे अनेक वर्षे टिकून राहिली.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन दंड पुष्कळ वाढविण्यात आले. मद्य पिऊन वाहन चालविण्याच्या पहिल्या गुन्ह्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद, शिरस्त्राण न घालणाऱ्यास १,००० रुपये दंड, अशा तरतुदी झाल्या. तरीही २०२२ मधील मृत्यूंचा आकडा त्यापूर्वीच्या कोणत्याही वर्षाहून अधिक होता. याच काळात वाहने आणि रस्तेही वाढले, तेव्हा यावरून कायदा निरुपयोगी ठरला असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. परंतु केवळ दंडाचा आकडा मोठा केल्याने कार्यभाग होत नाही, एवढे निश्चित म्हणता येते. किंबहुना दंड फार जबर असला तर तो आकारण्यास पोलीस कचरतो आणि तडजोडीचा मोह दोन्ही बाजूंस पडतो. भरला न जाणारा मोठा दंड आणि खात्रीने भरावा लागणारा लहान दंड यांत दुसराच अधिक परिणामकारक होय.

राजस्थानातील प्रयोग

पोलीस सर्वत्र असू शकत नाहीत, ही अडचण खरी आहे. आहे त्याच मनुष्यबळात पकडले जाण्याची खात्री कशी वाढवावी? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच देशात मिळाले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि डॅनियल केनिस्टन हे अर्थशास्त्रज्ञ आणि राजस्थान पोलीस दलातील अधिकारी नीना सिंह यांनी मिळून मद्यपी चालकांविरुद्धच्या नाकाबंदीचा एक पद्धतशीर प्रयोग केला.

औषधाची परीक्षा घेताना रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडतात, तद्वतच येथे पोलीस ठाण्यांचे गट पाडण्यात आले. काही ठाण्यांच्या हद्दीत रात्रीची नाकाबंदी एकाच, सर्वांत योग्य वाटलेल्या जागी लावली गेली. काहींच्या हद्दीत ती तीन जागांमध्ये आळीपाळीने फिरती ठेवली गेली. उरलेल्या ठाण्यांत नेहमीचाच क्रम चालू राहिला. 

सर्वाधिक वाहने जेथून जातात तेथेच नेहमी नाकाबंदी असावी, असे कोणासही वाटेल. परंतु निष्कर्ष नेमका उलट निघाला. फिरत्या नाकाबंदीमुळे रात्रीचे अपघात १७ टक्क्यांनी आणि रात्रीचे मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. एकाच जागच्या नाकाबंदीचा मात्र उल्लेखनीय परिणाम दिसला नाही. कारण उघड आहे. ठरलेली जागा चालकांना चार दिवसांत माहीत होते आणि ते आडरस्ता धरतात. फिरत्या नाकाबंदीत आज पोलीस कोठे असतील हे ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक रस्ता धोक्याचा वाटू लागतो.

वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांनाही हाच न्याय लागू पडतो. कॅमेऱ्याची जागा माहीत झाली की चालक तेथपुरता वेग कमी करतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा वाढवितो. यावर अंकगणितानेच मात करता येते. दोन ठिकाणी गाडीचा क्रमांक व वेळ टिपावी आणि मधल्या अंतराला लागलेल्या काळाने भागावे. दहा किलोमीटर अंतर पाच मिनिटांत कापणाऱ्याचा सरासरी वेग ताशी १२० किलोमीटर असलाच पाहिजे. मग कॅमेऱ्यासमोर तो कितीही सभ्यपणे गेलेला असो. २०१९ च्या दुरुस्तीने अशा इलेक्ट्रॉनिक देखरेखीची तरतूद आपल्या कायद्यात केली असून, २०२१ च्या नियमांप्रमाणे गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठविणे बंधनकारक आहे. ही मुदत महत्त्वाची आहे. कृत्य आणि त्याचे फळ यांत जितके कमी अंतर, तितका धडा पक्का होतो.

प्रवाशाचा आवाज

चालकास वळण लावण्याचे सामर्थ्य केवळ पोलिसांच्याच हाती आहे असे नाही. आफ्रिकेतील केनिया देशात ‘मटाटू’ नावाच्या खाजगी छोट्या बसगाड्या बेदरकारपणाबद्दल प्रसिद्ध आहेत. तेथे दोन अर्थशास्त्रज्ञांनी काही गाड्यांत प्रवाशांना दिसतील अशा पट्ट्या चिकटविल्या. चालक धोकादायकपणे गाडी हाकू लागला तर गप्प बसू नका, त्याला बजावा, असा त्यांवरील मजकुराचा आशय होता. पट्ट्या जागेवर राखणाऱ्या चालकांसाठी सोडतीत बक्षिसेही ठेवली होती. ज्या गाड्यांत हा उपाय योजला त्यांच्या अपघातांसंबंधीचे विम्याचे दावे निम्म्याहून खाली आले. पुढे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिक मोठ्या प्रयोगात ही घट २५ ते ३३ टक्के आढळली.

एका कागदी पट्टीने इतके साधावे हे नवल वाटण्यासारखे आहे. परंतु विचार करता त्याचे रहस्य कळते. भीती प्रत्येक प्रवाशास वाटतच होती. बोलावे की नाही हा संकोच होता. पट्टीने तो संकोच दूर केला. आपल्याकडील रिक्षा, जीप आणि खाजगी बसगाड्यांतील प्रवाशांनी या प्रयोगापासून पुष्कळ घेण्यासारखे आहे.

रस्ता हाही शिक्षक

चालक कितीही सद्वर्तनी असला तरी तो माणूस आहे आणि माणूस चुकणारच. १९९७ मध्ये स्वीडनच्या संसदेने ‘शून्य मृत्यू’ हे ध्येय स्वीकारले, त्याच्या मुळाशी हाच विचार होता. चूक घडली तरी तिची शिक्षा मृत्यू असू नये, अशा रीतीने रस्ता आणि वाहन यांची रचना व्हावी, असे हे धोरण सांगते.

रस्त्याची रचना चालकाशी एक मूक भाषा बोलत असते. रुंद, सरळ आणि मोकळा रस्ता ‘वेग वाढव’ असे सांगतो. मग कडेला ताशी ३० किलोमीटरची पाटी असली तरी तिचे कोण ऐकणार? याउलट अरुंद मार्गिका, पादचाऱ्यांसाठी उंचावलेले ओलांड-पट्टे आणि चौकातील वर्तुळाकार बेट यांमुळे चालक आपोआप वेग आवरतो. साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांस छेदण्याच्या वा मिळण्याच्या जागा ३२ असतात; एकेरी मार्गिकेच्या वर्तुळाकार चौकात त्या केवळ ८ उरतात. गतिरोधक हाही पोलिसाविना चोवीस तास चालणारा पहारा होय. परंतु तो शास्त्रोक्त उंचीचा, रंगविलेला आणि आधी सूचना-फलक असलेला पाहिजे. रातोरात उभारलेला मातीचा उंचवटा दुचाकीस्वाराचा घात करतो.

दिल्लीतील केंद्रीय रस्ते संशोधन संस्था १९५२ पासून या विषयावर कार्य करीत आहे. तेथील आय.आय.टी. मध्येही अपघात-प्रतिबंधाचे संशोधन दीर्घकाळ चालत आले आहे. ज्ञान उपलब्ध आहे. ते नगरपालिकेच्या अभियंत्यापर्यंत आणि ठाण्यातील हवालदारापर्यंत पोहोचले पाहिजे.

नागरिकांचे कर्तव्य

वरील सर्व विवेचनाचा सारांश असा की, चांगला चालक उपदेशाने घडत नाही आणि केवळ धाकानेही घडत नाही. उल्लंघन खात्रीने पकडले जाईल, दंड लहान असला तरी तत्परतेने व सर्वांस सारखा होईल, रस्ता स्वतःच योग्य वेग सुचवील आणि शेजारी बसलेला माणूस गप्प राहणार नाही, अशा परिस्थितीत नियम पाळण्याची सवय जडते. एकदा सवय जडली की पोलिसाची उपस्थिती हळूहळू अनावश्यक होत जाते.

ओळखीच्या माणसाचे नाव सांगून दंड टाळणे हा आपल्याकडे काहींना भूषणाचा विषय वाटतो. परंतु ज्याने असा एक दंड टाळला त्याने त्या खात्रीलाच सुरुंग लावला, हे त्यास कळावयास हवे. अज्ञान मुलाच्या हाती दुचाकीची किल्ली देणाऱ्या पालकांनीही लक्षात ठेवावे की, २०१९ पासून मुलाच्या अपराधाबद्दल पालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

आणि एवढे करूनही अपघात घडलाच, तर पाहणाऱ्याने पोलिसांच्या चौकशीच्या भयाने काढता पाय घेऊ नये. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मदतनिसांच्या संरक्षणासाठी आखलेल्या मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचे बळ दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण कायद्यातच समाविष्ट झाले. जखमीस रुग्णालयात नेणाऱ्यास आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. रस्त्यावर पडलेल्या माणसाला पहिल्या तासात मिळणारे साहाय्य पुष्कळदा जीवन आणि मृत्यू यांतील अंतर ठरविते. तेव्हा प्रत्येकाने १०८ अथवा ११२ हा क्रमांक ध्यानात ठेवावा आणि प्रसंग पडल्यास निःशंकपणे पुढे व्हावे.